शेततळ्याचे अस्तरीकरण

शेततळ्याचे अस्तरीकरण : शेतात अथवा घरामागील परसात खोदलेल्या तळ्याच्या तळाला व बाजूंना पाणी झिरपू न देणाऱ्या पदार्थाचा थर देण्याच्या क्रियेस अस्तरीकरण असे म्हणतात. नव्या तळ्यात हा थर खोदाईनंतर लगेच देता येतो. जुन्या तळ्यात मात्र त्याआधी बाजूंचा उतार, काठ व तळ यांची फेररचना करावी लागते. कारण ढासळलेल्या वा उभ्या बाजूंवर कोणतेही अस्तर टिकत नाही. फेररचना व अस्तर ही दोन स्वतंत्र कामे मानली जातात व बहुधा वेगवेगळ्या कारागिरांकडून करून घेतली जातात. तथापि तळ्याचा आकार ठरविताना अस्तराचा आणि अस्तर निवडताना जमिनीचा विचार केला नाही, तर दोन्हींवरील खर्च वाया जातो. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत हे विशेष प्रकर्षाने आढळते.

लातूर जिल्ह्याचा बराच भाग बालाघाटच्या पठारावर वसला असून मांजरा, तेरणा, तिरू इ. नद्या या पठारावरून वाहतात. नांदेड जिल्ह्यातून गोदावरी वाहते व त्याच्या उत्तर सीमेवर पैनगंगा आहे. वार्षिक पर्जन्यमान सर्वसाधारणपणे ७०० ते ९५० मिमी.च्या दरम्यान असून किनवट–माहूरकडे ते अधिक आहे. यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि तोही थोड्या दिवसांत, मोठ्या सरींनी. दोन सरींमध्ये तीन-चार आठवड्यांचा खंड पडणे ही नित्याची बाब आहे. भूपृष्ठाखाली बहुतांश दख्खन ट्रॅपचा बेसाल्ट खडक आहे. केवळ नांदेडच्या पूर्व भागात, देगलूर–बिलोलीकडे, ग्रॅनाइट व पट्टिताश्म उघडे पडतात व तेथील माती तांबूस, वाळूमिश्रित असते.

बेसाल्टापासून बनलेली काळी माती माँटमोरिलोनाइट गटातील चिकणखनिजांनी समृद्ध असते. ओली झाली की ती फुगते व वाळली की आकसते; उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात. ओली काळी माती पाणी फारसे झिरपू देत नाही, यावरून काळ्या रानातील तळ्याला अस्तराची गरज नाही असा समज पूर्वी रूढ होता. तो अर्धाच खरा आहे. या मातीचा थर पुष्कळ ठिकाणी एक ते दोन मी. जाडीचा असतो व त्याखाली मुरूम, म्हणजे कुजलेला बेसाल्ट, लागतो. तीन मी. खोलीचे तळे हा थर ओलांडून मुरमात उतरते. मुरमात व सांधे पडलेल्या मांजऱ्या खडकात पाणी मोकळेपणाने वाहते. परिणामी तळ्याच्या वरच्या भागात पाणी टिकते, तळाशी मात्र ते गळते आणि पावसाळ्यात काठोकाठ भरलेले तळे दिवाळीपर्यंत कोरडे पडते. बरड जमिनीतील तळी त्याहूनही लवकर आटतात.

पूर्वपीठिका : पाणी अडवून साठविण्याची कला या प्रदेशास नवी नाही. नांदेड जिल्ह्यातील कंधार येथील राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र हा तलाव तिची साक्ष देतो. गावोगावच्या पायऱ्यांच्या बारवाही याच परंपरेतील आहेत. मात्र या सार्वजनिक वा देवस्थानाच्या सोयी होत्या. प्रत्येक खातेदाराच्या रानात एक तळे ही कल्पना अलीकडची आहे. राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाखाली २००५-०६ नंतर फळबागांसाठी प्लॅस्टिकचे अस्तर असलेली सामूहिक शेततळी घेण्यात आली. २०१६ च्या आरंभी राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली. तीत कमाल ५०,००० रुपये अनुदान होते व तळ्याचे सर्वांत मोठे आकारमान ३० × ३० × ३ मी. होते. २०२२ मध्ये मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत वैयक्तिक शेततळ्याचे अनुदान ७५,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही हे दोन्ही जिल्हे समाविष्ट होते. या योजनांमुळे तळी झपाट्याने वाढली. अनुदानाच्या मर्यादेत बसविण्यासाठी घाईने खोदलेल्या तळ्यांच्या फेररचनेचा प्रश्नही त्यांतूनच उद्भवला.

अस्तराची गरज : तळ्याला अस्तर हवे की नको, हे जमिनीइतकेच पाणी कोणत्या महिन्यात वापरावयाचे यावर अवलंबून असते. या दोन जिल्ह्यांत सोयाबीन, तूर, कापूस व हरभरा ही कोरडवाहू पिके मोठ्या क्षेत्रावर घेतात. ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये शेंगा भरण्याच्या वेळी पावसाने ओढ दिली, तर सोयाबीनला एक संरक्षित पाणी मिळणे निर्णायक ठरते. पाच सेंमी. उंचीचे एक पाणी १ हेक्टरला देण्यास ५०० घ.मी. पाणी लागते. अशा वापरासाठी पाणी तळ्यात काही आठवडेच थांबावयाचे असते व पुढील सरीने तळे पुन्हा भरू शकते. तेव्हा थोडी गळती सोसते. ते पाणी खालच्या अंगाच्या विहिरींना मिळते, म्हणजे सर्वस्वी वायाही जात नाही. उलट औसा भागातील द्राक्षबाग किंवा अर्धापूर भागातील केळी मे महिन्यापर्यंत जगवावयाची असेल, तर ऑक्टोबरातील पाणी आठ महिने धरून ठेवावे लागते. ते अस्तराशिवाय शक्य नाही. अनुदान मिळते म्हणून अस्तर घालणे आणि खर्च वाचतो म्हणून ते टाळणे, हे दोन्ही निर्णय सारखेच अविचाराचे होत.

गळती खरोखर किती आहे हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. तळ्यात खुणांची काठी रोवतात व काठावर, जमिनीत अर्धवट पुरलेल्या रुंद घमेल्यात पाणी भरून ठेवतात. पाऊस व उपसा नसलेल्या चार-पाच दिवसांत तळ्याची पातळी किती घटली व घमेल्यातील किती, याची तुलना करतात. घमेल्यातील घट ही बाष्पीभवनाने झालेली असते. तळ्यातील जादा घट ही ढोबळमानाने गळती होय. पंप सुरू असताना घेतलेल्या मोजणीला अर्थ नसतो.

पाण्याचा उगम : शेततळ्याची मूळ कल्पना रानातून वाहून जाणारे पाणी अडविण्याची आहे. पर्जन्यमान ८०० मिमी. व त्याच्या १० टक्के पाणी वाहून येते असे धरल्यास १ हेक्टर क्षेत्रातून ८०० घ.मी. पाणी मिळते. सु. १,९४० घ.मी. साठ्याच्या तळ्यास या हिशेबाने जवळजवळ अडीच हेक्टर पाणलोट लागतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातील वहिवाटीचे सरासरी क्षेत्र दीड हेक्टरहून कमी होते. शिवाय भारी काळ्या रानात पहिल्या पावसाचे पाणी भेगांत शिरते. भेगा मिटल्यावरच ते वाहू लागते. त्यामुळे वरच्या शेजाऱ्याच्या रानातील पाणी वळवून घेतल्याखेरीज मोठे तळे अपधावेवर भरणे कठीण असते, आणि सामाईक बांधांवरून असे पाणी वळविणे गावात सहसा निर्वेध होत नाही.

याचा परिणाम असा झाला की, अस्तर घातलेली पुष्कळ तळी विहिरींच्या व विंधन विहिरींच्या पाण्याने भरली जाऊ लागली. त्यांना पाणी आत येण्याचे व बाहेर जाण्याचे द्वारच ठेवलेले नसते. चारही बाजूंनी उंच भराव घालून ती टाकीप्रमाणे बांधतात. अशा तळ्याचा धन्यास होणारा लाभ उघड आहे. विजेच्या अनियमित वेळा सांभाळता येतात, ठिबक संचास स्थिर पुरवठा मिळतो व फळबाग वाचते. पण जमिनीखालचे पाणी हे अवघ्या शिवाराचे सामाईक असते. ते हिवाळ्यात उपसून एका रानात साठविले म्हणजे शेजारच्या विहिरींची पातळी तेवढी लवकर खाली जाते. वर आणलेले पाणी उन्हात उघडे राहते ते वेगळेच. खडकात असताना त्याचे बाष्पीभवन जवळजवळ होत नव्हते. अस्तरामुळे गळती थांबते, बाष्पीभवन थांबत नाही. भूजलाने भरलेल्या तळ्याच्या बाबतीत एकंदर शिवारातील पाणी अस्तराने वाढत नसून घटते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून अंमलात आला. त्यात शेती व उद्योग यांसाठी ६० मी.हून खोल विहिरी घेण्यास प्रतिबंध आहे. लातूर परिसरात प्रत्यक्षात याहून कितीतरी खोल विंधन विहिरी घेतल्या गेल्या आहेत.

लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सु. ५ लाख लिटर, म्हणजे ५०० घ.मी. पाणी होते. या मापाने पाहिल्यास एका मोठ्या शेततळ्यात अशा जवळजवळ चार गाड्यांचे पाणी मावते. तळे कोठल्या पाण्याने भरले आहे, हा प्रश्न म्हणूनच केवळ धन्याचा राहत नाही.

आकाराची फेररचना : जुन्या तळ्यांच्या बाजू सामान्यतः १ : १ (आडवे : उभे) उताराच्या वा त्याहूनही उभ्या असतात. उभ्या बाजूमुळे तेवढ्याच जागेत अधिक पाणी मावते व जमीन कमी अडकते, हे त्याचे कारण. काठ ३० × ३० मी. व खोली ३ मी. असलेल्या तळ्यात १ : १ उताराने २,१९६ घ.मी., १.५ : १ उताराने १,९७१ घ.मी. आणि २ : १ उताराने १,७६४ घ.मी. पाणी मावते. मात्र भारी काळ्या मातीत १ : १ उतार दोन-तीन पावसाळ्यांहून अधिक टिकत नाही. तळे भरलेले असते तोवर पाण्याचा दाब बाजूस आधार देतो. पंपाने पातळी झपाट्याने खाली आणली, की तो आधार जातो. माती अजून ओली व जड असते आणि बाजू मोठ्या ढेकळांनी खाली सरकते. बाजू खचण्याचे प्रकार भर पावसाळ्यापेक्षा उपशाच्या काळात अधिक होतात ते यामुळे.

फेररचनेत तळ तसाच ठेवून काठ मागे सारणे हा सर्वांत सोयीचा मार्ग होय. वरील तळ्याचा तळ १ : १ उताराने २४ × २४ मी. असतो. तो कायम ठेवून १.५ : १ उतार दिल्यास काठ ३३ × ३३ मी. होतो. यासाठी सु. २६० घ.मी. जादा खोदाई करावी लागते व आणखी १८९ चौ.मी., म्हणजे जवळजवळ दोन गुंठे, जमीन जाते. काठोकाठ धारणा २,४५७ घ.मी. होते, परंतु लाटा व अतिवृष्टी यांसाठी वरचा अर्धा मी. मोकळा ठेवणे आवश्यक असल्याने प्रत्यक्ष साठा सु. १,९४० घ.मी. धरावा. वर काळी माती व खाली घट्ट मुरूम असेल, तर वरच्या भागास २ : १ व खालच्यास १ : १ असा जोडउतारही देता येतो. मातीच्या दृष्टीने तो उत्तम असला, तरी जोडाच्या ठिकाणी अस्तर ताणले जाते. प्लॅस्टिक घालावयाचे असल्यास सलग १.५ : १ उतार श्रेयस्कर ठरतो.

उतार सौम्य केला की पाण्याचा पृष्ठभाग वाढतो. या प्रदेशात उन्हाळ्यातील मापन-तव्यामधील बाष्पीभवन दररोज १० मिमी.च्या वर जाते. तळ्यातील घट तव्यातील घटीपेक्षा काहीशी कमी असते. तरीही ऑक्टोबर ते मे या काळात तळ्यातून १ मी.हून जाड थर उडून जातो. वरील उदाहरणात पाण्याचा सर्वांत वरचा १ मी. जाडीचा थर सु. ९०० घ.मी., म्हणजे एकूण साठ्याच्या ४६ टक्के भरतो. मे महिन्यासाठी राखलेल्या पाण्याचा हिशेब करताना ही वजावट हटकून विसरली जाते. काठाची लांबी-रुंदी वाढविण्याऐवजी खोली वाढविल्यास बाष्पीभवनाचा वाटा घटतो. पण खाली कठीण खडक लागल्यास खर्च एकदम चढतो, आणि शेजारच्या विहिरींची पातळी उथळ असल्यास खालून येणारे पाणी अस्तरास उचलते.

खोदाई करताना वरची काळी माती व खालचा मुरूम यांचे ढीग वेगळे ठेवतात. काळी माती हलक्या रानात पसरण्यास उपयोगी पडते. भरावासाठी मुरूम व माती यांचे मिश्रण २०–२५ सेंमी.च्या थरांनी, पाणी शिंपडून व धुमसून घालतात; नुसत्या काळ्या मातीचा भराव उन्हाळ्यात भेगाळतो. खणून काढलेली माती काठावरच ढीग करून ठेवण्याची रीत सर्रास आढळते. ती घातक आहे. त्या भाराने बाजू खचतात.

अस्तराचे प्रकार : (१) चिकणमातीचे अस्तर : काळी माती भुगा करून, योग्य ओलाव्यावर ३० सेंमी. वा अधिक जाडीत दाबून बसवितात. ते स्वस्त असते व बाष्पीभवनाच्या मानाने गळती आटोक्यात ठेवते; परंतु तळे पूर्ण कोरडे पडले की त्यास भेगा पडतात. कायम ओल राखता आली तरच ते घ्यावे. (२) दगड, वीट वा सिमेंटचे अस्तर : मुरमात व ग्रॅनाइटी भूमीत ते चांगले टिकते. काळ्या मातीवर ते फुगवट्याने तडकते व त्या तडा बुजविणे हे दरवर्षीचे काम होऊन बसते. देगलूरकडे यशस्वी झालेले सिमेंटचे तळे पाहून लातूरच्या भारी रानात तसेच बांधणे इष्ट नव्हे. (३) प्लॅस्टिकचे अस्तर : यास ग्रामीण भागात शेततळ्याचा कागद म्हणतात. पॉलिएथिलिनाचे ५०० मायक्रॉन (०.५ मिमी.) जाडीचे पटल यासाठी सामान्यपणे वापरतात. उच्च घनतेच्या पॉलिएथिलिनाच्या, विणून लेप दिलेल्या पटलासाठी आयएस १५३५१ हे भारतीय मानक आहे. काळा रंग काजळीचा असून तिच्यामुळे सूर्यकिरणांतील जंबुपार प्रारणांपासून पटलाचे रक्षण होते. पटल लवचिक असल्याने मातीच्या हालचालीशी ते जुळवून घेते; काळ्या रानात त्याचा प्रसार होण्याचे खरे कारण हेच आहे.

प्लॅस्टिक अस्तर घालण्याची पद्धती : पटल मागविण्यापूर्वी तळ्याची मापे फेररचनेनंतर पुन्हा घ्यावी लागतात. ३ मी. खोलीस १.५ : १ उताराची तिरकी लांबी ५.४ मी. येते. तळ २४ मी., दोन्ही बाजूंचे उतार १०.८ मी. आणि काठाची पट्टी व चर यांसाठी दोन्हीकडे मिळून ३ मी. धरल्यास ३७.८ मी. होतात, सैलपणा धरून ३८.५ मी. बाजूचा, सु. १,४८० चौ.मी. क्षेत्राचा कागद लागतो. तळ्याच्या मुखाच्या क्षेत्रावरून कागद मागविल्यास तो हमखास तोकडा पडतो. एवढ्या कागदाचे वजन सु. ७०० किग्रॅ. भरते, तो पसरण्यास पुष्कळ माणसे लागतात, आणि वाऱ्याच्या दिवशी हे काम करू नये.

प्रथम उतारावरील दगड, काड्या व मुळ्या वेचून काढतात. लव्हाळा व हराळी यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. लव्हाळ्याचा टोकदार कोंब प्लॅस्टिक सहज भेदतो. त्याच्या गाठी जमिनीत खोल असल्याने वरवर खुरपून भागत नाही. यानंतर चाळलेल्या मातीचा वा वाळूचा ५–१० सेंमी. थर देतात. काठापासून सु. अर्धा मी. अंतरावर अर्धा मी. खोल व तेवढाच रुंद चर चारही बाजूंनी खणतात व कागदाची कड त्यात दाबतात. हा चर नुसत्या काळ्या मातीने भरल्यास उन्हाळ्यात भेगा पडून पकड सैल होते, म्हणून त्यात मुरूममिश्रित माती धुमसतात. कागद सकाळी लवकर किंवा सायंकाळी पसरतात. काळे पटल भर उन्हात ६० से.च्या वर तापून प्रसरण पावते व रात्री आकसते. चाळीस अंशांच्या फरकाने ३८ मी. लांबीत हा बदल पाव मीटरच्या घरात जातो. दुपारी ताणून बसविलेला कागद हिवाळ्याच्या पहाटे चरातून निसटतो वा सांध्यात फाटतो. सांधे उष्णतेने दुहेरी जोडून मधल्या पोकळीत हवा भरून तपासतात. कोपऱ्यांत जादा कागदाची घडी घालतात, कापत नाहीत.

पावसाळ्यात मुरमातून येणारे पाणी अस्तराखाली साचते व रिकाम्या तळ्यातील कागद फुग्यासारखा वर उचलतो. मुळ्या कुजून झालेले वायूही असेच साचतात. यावर उपाय म्हणजे तळास एका कोपऱ्याकडे थोडा उतार देणे, त्या दिशेने अस्तराखाली खडीची नाली काढणे व तळे कधीही पूर्ण रिकामे न करता किमान ३० सेंमी. पाणी राखणे. वाहते पाणी तळ्यात घ्यावयाचे असल्यास त्याआधी गाळकुंडी बांधतात व प्रवेशाच्या जागी कागदावर जाड थर अथवा पाइप देतात. गाळ मागाहून फावड्याने काढताना जेवढे कागद फाटतात, तेवढे क्वचितच अन्य कारणाने फाटत असतील.

निगा व सुरक्षितता : पाण्याच्या पातळीवरचा उघडा पट्टा सर्वांत आधी जीर्ण होतो. खेकडे व उंदीर भराव पोखरतात. रानडुकरे, रोही व कुत्री पाण्यासाठी उतरली की खुरांनी व नख्यांनी कागद फाडतात. लहान छिद्रे त्याच जातीच्या पटलाचा तुकडा उष्णतेने चिकटवून बुजवितात. निकामी कागद बांधावर टाकून दिल्यास त्याचे तुकडे वर्षानुवर्षे मातीत राहतात. म्हणून तो गोळा करून पुनर्वापरासाठी विकणे योग्य.

अस्तर घातलेल्या तळ्याचा उतार मातीच्या तळ्यासारखा पायास आधार देत नाही. ओल्या प्लॅस्टिकवर शेवाळ धरले की पट्टीचा पोहणाराही आपल्या बळावर वर येऊ शकत नाही. अशा तळ्यांत मुले, त्यांना वाचविण्यास उतरलेली माणसे व गुरे बुडून मरण पावल्याच्या घटना राज्यात वारंवार घडल्या आहेत. चारही बाजूंनी तारेचे कुंपण व कुलुपाचे दार हा तळ्याचाच भाग समजून त्याचा खर्च आरंभीच धरावा लागतो. याशिवाय प्रत्येक बाजूस काठावरील पक्क्या खुंटास बांधलेला, तळापर्यंत पोहोचणारा गाठींचा दोर अथवा जुन्या टायरांची शिडी कायम सोडून ठेवतात. पाण्यात हवा भरलेली एखादी ट्यूब तरंगती ठेवण्याचीही पद्धत आहे. दोर उन्हाने कुजतो, त्यामुळे तो दर उन्हाळ्यात बदलावा लागतो.